हेलपाटा, वेठ आणि पोटखराबा

विषय जरा विचित्र आहे हे आम्हाला ठाऊक आहे. इतिहास म्हटला की लढाई, राजवट, किल्ला असं काही अपेक्षित असतं आणि आम्ही घेऊन आलोय वाया गेलेलं काम. नीट न चालणाऱ्या गोष्टींना, फुकट गेलेल्या मेहनतीला आपण बुलढाण्याची माणसं काय काय म्हणतो, आणि ते शब्द आले कुठून.

सुरुवात एका हेलपाट्यापासून करतो. गेल्या उन्हाळ्यात सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी आम्ही एका कार्यालयात तीनदा गेलो. कोणतं कार्यालय, ते सोडा. पहिल्या दिवशी साहेब बैठकीला. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी अर्जाचा नमुनाच बदललेला. बाहेर बाकड्यावर घाटाखालच्या एक आजीबाई बसल्या होत्या, हातात तसलाच कागद. आम्हाला बाहेर येताना बघून म्हणाल्या, "झाला ना बाप्पा हेलपाटा!" त्यांनी आम्हाला विचारलंही नव्हतं. चेहऱ्यावरून ओळखलं.

आता हा शब्द बघा. 'हेल' म्हणजे ओझं, डोक्यावरची खेप. ओझी वाहणारा तो हेलकरी. म्हणजे हेलपाटा या शब्दाच्या पोटात वजन आहे. फेरी हलकी असते, चक्कर तर आपण जेवण झाल्यावरही मारतो. हेलपाटा मात्र पडतो. तो पायांना, पाठीला, एसटीच्या तिकिटाला आणि बुडालेल्या रोजाला कळतो. दुसरी गोष्ट अशी की हा शब्द दोष कोणालाच देत नाही. साहेबाला नाही, यंत्राला नाही. तो फक्त चाललेल्या माणसाचा हिशेब ठेवतो. खेटा, येरझारा, उंबरे झिजवणं, जोडे झिजवणं ही सगळी मंडळी याच घराण्यातली. झिजतो तो उंबरा किंवा जोडा. ज्याच्यामुळे झिजला, तो वाक्यात येतच नाही.

आम्ही हे शब्द गोळा करायला लागलो तेव्हा हाच प्रश्न धरून बसलो, की शब्द दोष कुठं टाकतो? वस्तूवर, काम करणाऱ्यावर, की काम सांगणाऱ्यावर?

म्हणी या बाबतीत शब्दांपेक्षा शहाण्या असतात. 'दुखणं हेल्याला आणि डाग पखालीला' ही म्हण घ्या. हेला म्हणजे रेडा. पखाल म्हणजे त्याच्या पाठीवरची चामड्याची पाण्याची पिशवी. जनावर आजारी पडलं की तापलेल्या लोखंडानं डागायची रीत होती. इथं डागणाऱ्यानं लोखंड टेकवलं पखालीला. जनावर तसंच आजारी, पखालीला भोक, आणि पाणी रस्त्यावर. आज आपली पोरं हीच म्हण 'इंजेक्शन पखालीला' अशी म्हणतात. गावात गुरांचा दवाखाना आला, डाग गेला आणि सुई आली, पण पखाल तिथंच राहिली! खरं म्हणजे पखाल कधीच गेली. ज्यांनी ती बघितली ते आता सत्तरी ओलांडलेले. ही म्हण रेड्याला बोल लावत नाही, पखालीलाही नाही. लोखंड हातात असलेल्याला लावते. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही त्याच जातीची. दळणारं हात थांबवत नाही, मेहनत पुरी आहे. राखण कोणाची होती, एवढंच ती विचारते.

पाण्याच्या म्हणी आपल्याकडं फार. पालथ्या घड्यावर पाणी, तहान लागल्यावर विहीर, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून. या शेवटच्या म्हणीची मात्र आपल्या जिल्ह्यात पंचाईत होते. अजिंठ्याच्या डोंगरानं आपले दोन तुकडे केलेत, घाटावर आणि घाटाखाली. घाटावरची खडकपूर्णा गोदावरीकडं जाते, घाटाखालची पूर्णा तापीकडं. या घाटाखालच्या पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती-अकोल्यापासून आपल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्यापर्यंत, खारपाण पट्टा आहे. जमीन काळी, भारी. विहीर खणली तर पाणी लागतं. आडात आहे, पोहऱ्यातही येतं, पण तोंडात घालवत नाही, आणि पिकाला देत राहिलं तर जमीनच आवळून येते. आता या विहिरीला काय म्हणाल? ती बांधलेली नीट आहे, गवंड्याचं काम चोख आहे, पैसे पूर्ण लागलेत. निकामी म्हणावं तर तीत पाणी आहे. घाटाखालच्या मंडळींनी यावर लांबलचक शब्द केला नाही. 'खारं लागलं' म्हणतात आणि गप्प बसतात.

आता वेठ. इथं आम्ही थोडा वेळ थांबणार आहोत.

कोणी काम उरकून टाकलं, मन न लावता केलं, की आपण म्हणतो 'वेठ मारली'. वेठ वारली असंही म्हणतात. शाळेत गुरुजी वही बघून म्हणायचे, "हे काय अक्षर? नुसती वेठ मारलीय." म्हणजे आपल्यासाठी वेठ हा काम करणाऱ्याच्या आळसाचा, बेफिकिरीचा शब्द आहे. पण मूळ शब्द आहे संस्कृत 'विष्टि', सक्तीचं, बिनमोबदल्याचं काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि आहे. आणि तेवढं लांब कशाला जायचं, आपल्या वऱ्हाडातच बघा. अचलपूरजवळ चम्मक इथं वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट सापडला, पाचव्या शतकातला. राजानं एक हजार ब्राह्मणांना गाव दान दिलं आणि त्या गावाला ज्या सवलती दिल्या, त्यांत एक अशी की हे गाव सगळ्या प्रकारच्या विष्टीपासून मोकळं. वाकाटकांच्या इतर दानपत्रांतही ही सूट येते. सूट लिहून द्यावी लागते, याचा अर्थ काय? ज्या गावांना ताम्रपट मिळाला नाही, त्यांना वेठ होती. सूट तांब्यावर कोरली गेली. वेठ करणाऱ्यांची नावं कशावरच कोरली गेली नाहीत.

एक नाव मात्र उरलं. आपल्या देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव, असं परंपरा सांगते. खडकपूर्णेवरच्या धरणाच्या जलाशयाला आज 'संत चोखासागर' म्हणतात. चोखोबांचा मृत्यू कसा झाला, हे आपल्याला कीर्तनातून माहीत आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजूर गेले, त्यांत चोखोबा. साल साधारण १३३८. गावकुसाच्या आत राहायचा हक्क नाही आणि गावकूस बांधायचं मात्र यांनी. गावाचं असलं काम महारांच्या वाट्याला त्यांच्या मर्जीनं येत नव्हतं, गावगाड्याच्या बंधनानं येत होतं. आता सांगा, त्या भिंतीबद्दल कोणी म्हणालं असेल का, की बांधणाऱ्यांनी वेठ मारली? आम्हाला वाटतं, म्हणालं असेल. भिंत पडली की पहिला बोट दाखवायला जवळ असतो तो दगड रचणारा.

हा शब्द कसा फिरला बघा. आधी वेठ म्हणजे तुमच्यावर झालेली सक्ती. मग वेठ म्हणजे सक्तीनं केलेलं काम. सक्तीचं, फुकटचं काम कोण जीव ओतून करणार? म्हणून वेठ म्हणजे वाईट काम. आणि शेवटी सक्ती विसरली गेली, वाईट काम तेवढं राहिलं, आणि ते चिकटलं करणाऱ्याला. सक्ती करणारा शब्दातून सुटला, जसा तो ताम्रपटातूनही सुटला होता.

वेठीला पुढं फारसी 'बिगार' येऊन मिळाला आणि वेठबिगार झालं. एकाच गोष्टीची दोन भाषांतली दोन नावं शेजारीशेजारी. मुंबई इलाख्यात बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचं विधेयक विधिमंडळात आणलं, ते याच गावकीच्या राबवणुकीविरुद्ध. पुढं भारताच्या राज्यघटनेच्या कलम २३ नं वेठबिगारीवर बंदी आली. गंमत अशी की घटनेच्या इंग्रजी मसुद्यातही इथं 'बेगार' हाच शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. घटनेनं बिगार बंद केली, पण बांधकामावर सिमेंटचं घमेलं वाहणाऱ्याला, रोज घेऊन काम करणाऱ्याला, आपण अजून 'बिगारी'च म्हणतो.

फारसी-अरबीतून आलेली दुसरी पलटण आहे कचेरीतली: बेकार, नादुरुस्त, रद्द, रद्दी, नामंजूर, खराब. त्यांच्याबद्दल फार बोलत नाही. एवढंच, की हे शिक्क्याचे शब्द आहेत. नाकारणारा टेबलाच्या पलीकडं बसलेला असतो.

एक शब्द आम्हाला आमच्या आजीकडून मिळाला, म्हणजे तिच्यावर लावला गेला तो. 'दुष्काळी काम'. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हे कोणीतरी केलेलं असणार. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. डोक्यावर पदर, समोर दगड, हातात हातोडी, दुपारी सुकडी. खडीचं माप ब्रासमध्ये, मुकादम ढीग मोजणार आणि मस्टरवर अंगठा. पुढं या सगळ्यातून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा, अंमल १९७९ पासून. ही महाराष्ट्रानं देशाला दिलेली गोष्ट आहे, त्याबद्दल आम्हाला अभिमानच आहे.

पण त्याच वर्षांनी आपल्या बोलीला एक शिवीही दिली. रस्ता उखडला, बांध फुटला, की 'दुष्काळी काम आहे', 'हमीचं काम आहे' असं म्हणायची रीत पडली. आजीसमोर एकदा कोणी असं बोललं. आजी म्हणाली, "आम्हाले खडी फोड म्हनलं, आम्ही खडी फोडली. रस्ता कर म्हनलंच नाई कोनी." आम्ही तेव्हा हसलो. पुढं कळलं की ती नेमकं बोलली होती. तिला ब्रासवर पैसे मिळत होते आणि ब्रास तिनं पूर्ण भरून दिले. तो ढीग उचलायचा कधी, पसरायचा कुठं, वर रोलर फिरवायचा कोणी, हे तिच्या मस्टरवर नव्हतं. कितीतरी ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले, बाभळी उगवल्या त्यांत. खडी चांगली होती हो! पण शब्द चिकटला तो खडी फोडणारीला.

आता थोडं लांब जाऊ, पण खामगाववरून जाऊ, म्हणजे रस्ता चुकणार नाही.

खामगाव ही कापसाची मोठी पेठ. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव फाट्याच्या उद्घाटनाला स्वतः आला होता. जेमतेम तेरा किलोमीटरचा लोहमार्ग, त्यासाठी व्हाइसरॉय! कारण कापूस. त्याआधीच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५, आणि इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. मग मुंबई बंदरातून हिंदुस्थानचा कापूस तिकडं गेला, त्यात आपल्या वऱ्हाडचाही. मुंबईहून आलेल्या या सगळ्या मालाला तिकडं सरसकट एकच नाव होतं, 'सुरत'.

तिथल्या गिरणीकामगारांना हा कापूस नकोसा झाला. धागा आखूड, मधे पानाचा चुरा, सरकीचे तुकडे. कताई करताना सारखा तुटायचा. कामगारांची मजुरी उक्ती, जेवढं सूत तेवढे पैसे, त्यामुळे धागा तुटला की भाकरी तुटायची. अशी आख्यायिका आहे की प्रार्थनेत कोणी देवाकडं कापूस मागितला, तेव्हा दुसऱ्यानं घाईघाईनं जोडलं, पण सुरतचा नको. आणि 'सुरत' हा शब्दच तिकडं भिकार, कुचकामी मालासाठी रूढ झाला. एका बिअर बनवणाऱ्याला कोणी 'सुरत' बिअरवाला म्हटलं, म्हणून तो अब्रुनुकसानीचा दावा घेऊन कोर्टात गेला.

म्हणजे आपल्या शेतातला कापूस सातासमुद्रापार शिवी होऊन बसला. तो वाईट होता का? थोडा होता. वजन वाढावं म्हणून ओला करणारे, कचरा मिसळणारे व्यापारी होते. १८६३ साली मुंबई सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. आम्ही उगीच गावाची बाजू घेणार नाही. पण आखूड धागा हा काही गुन्हा नव्हता. त्याच धाग्यावर इथल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या सूत काढलं, इथल्या मागांवर कापड निघालं. हाताला तो धागा कळत होता. लँकेशायरची यंत्रं लांब अमेरिकी धाग्याच्या मापानं बनली होती, आणि त्यांच्यापुढं आपला कापूस नापास झाला. तिकडचा कामगार उपाशी, इकडचा शेतकरी बदनाम. दोघांपैकी कोणीही ते यंत्र आखलं नव्हतं, ना तो व्यापार. आजही खराब, अर्धवट उमललेल्या बोंडातल्या कापसाला आपण 'कवडी' म्हणतो आणि तो वेगळा काढतो. आपल्याकडं कापसाच्या वाईटपणालाही बारकाईची नावं होती, तिकडं एकच होतं.

कवडी म्हणजे नाणंही, हे सांगायला नको. नाण्यांवरून 'आतबट्ट्याचा व्यवहार' आठवतो. एकेकाळी वेगवेगळ्या टांकसाळींची नाणी चालायची आणि सराफ मोडीवर बट्टा कापायचा. बट्टा आपल्याच अंगावर पडला की तो आतबट्टा. तूर विकून आलेला शेतकरी आजही हा शब्द वापरतो, सराफाची ती पेढी कोणी पाहिलेली नसली तरी.

'भिजत घोंगडं' हा शब्द तर वर्तमानपत्रांनी वापरून वापरून पातळ केलाय. पण ज्यानं खरंच भिजलेली घोंगडी उचललीय, त्याला विचारा. लोकर पाणी धरते, वजन चौपट होतं, वाळता वाळत नाही आणि टाकूनही देता येत नाही. खामगाव-जालना रेल्वे ही आपली घोंगडी. मागणीला शंभर वर्षं होऊन गेली, घाटावरच्या चिखली-देऊळगाव राजाच्या माणसानं अजून आपल्या गावात गाडीची शिट्टी ऐकलेली नाही. नांदुऱ्याजवळ पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प ही दुसरी. चारशे कोटींच्या आतला अंदाज दहा हजार कोटींच्या पार गेला. इथं मात्र शब्दानं दोष कोणावर टाकलाय? घोंगडीवर! ती भिजत कोणी टाकली, हे तो सांगत नाही. तेही एक बरंच आहे, असं काहींना वाटत असेल.

आता आमच्या सातबाऱ्यावर येतो, म्हणजे ज्या शब्दासाठी हेलपाटे झाले तिथं. तो शब्द आहे 'पोटखराबा'. पोट म्हणजे आतला, जसा पोटहिस्सा, पोटभाडेकरू. खराबा म्हणजे खराब जमीन. तुमच्या गटाच्या आत जेवढी जमीन नाला, खडक, दरड यांमुळे पिकाला निकामी, तेवढी पोटखराबा. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मुंबईच्या पद्धतीनं वऱ्हाडची मोजणी केली, प्रतवारी लावली, तेव्हापासून जमिनीचा चांगुलपणा असा कागदावर ठरत आला. पोटखराब्यावर सारा नव्हता, त्यामुळे त्या काळच्या शेतकऱ्याला हा शब्द गोड होता. मोजणीदारापुढं आपली जमीन जितकी वाईट, तितकं बरं!

आज उलटं झालंय. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई लागवडीच्या क्षेत्रावर मिळते, पोटखराब्यावर नाही. आमच्या वावराच्या खालच्या अंगाला अकरा गुंठे पोटखराबा आहे. कागदावर तिथं नाला आहे. आमच्या आजोबांनी तो नाला दगडाचे बांध घालून, वरून गाळ आणून, वीसेक वर्षांत भरत आणला. आजीही त्यात होतीच. दुष्काळी कामावरची हातोडी घरी तिथं चालली. आज त्या अकरा गुंठ्यांत तूर बांधाला लागून वर येते, वावरातली सगळ्यांत चांगली तूर. सरकारनं नियम बदललेत, लागवडीखाली आणलेला पोटखराबा आता लागवडीयोग्य म्हणून नोंदवता येतो. त्यासाठी अर्ज, पाहणी, अहवाल. पाहणी झाली आहे. पाहणीला आलेल्यांनी बांधाचे दगड बघून विचारलं, हे काम कोणत्या योजनेतलं? आम्ही म्हणालो, कोणत्याच नाही, घरचं आहे. त्यांच्या नमुन्यात घरच्या कामासाठी रकाना नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि तिथं 'निरंक' लिहिलं.

पुढची तारीख सोमवारची आहे. तोवर तुमच्याकडचे शब्द आम्हाला हवेत. शब्द सांगताना कोण कोणाला उद्देशून म्हणतं, तेही सांगा. नुसता शब्द आमच्या कामाचा नाही. घाटावरच्यांनी आधी बोलावं की घाटाखालच्यांनी, यावर भांडण नको. मागं उभे असलेल्या काकांनी केव्हाचा हात वर केलाय. बोला काका.